लिंबाखालचे एकच टेबल

इंदूरहून देपालपूरकडे जाणारा रस्ता हातोद मागे पडल्यावर मोकळ्या शेतांत शिरतो. मे महिन्यात माळव्याच्या या काळ्या जमिनीत काहीच उभे नसते. गहू घरात आलेला असतो, लसूण ओसरीत पसरलेला असतो आणि सोयाबीनच्या पेरणीला अजून महिनाभर अवकाश असतो. हातात काम नसल्यामुळे गावाला बोलायला वेळ असतो, आणि निवडणुकीचे वर्ष असेल तर बोलणे एकाच विषयावर होते.

या माहितीपटात दिसणारा हा ओटा गावातल्या एकुलत्या एका मराठी घराचा आहे. होळकरांच्या अमदानीत नोकरीच्या निमित्ताने आलेले हे कुटुंब घरात मराठी बोलते आणि ओट्यावर आल्यावर माळवी. भिंतीच्या बाजूला बसतात ते 'फूलवाले' आणि पायऱ्यांकडे बसतात ते 'पंजेवाले', ही बैठक कोणी ठरवून दिलेली नसली तरी अनेक वर्षे मोडलेली नाही. घराचे कर्ते काका मात्र मधल्या खांबाला टेकून बसतात, कारण चहा दोन्हीकडे जायचा असतो.

बाहेरच्या माणसाला वाटते की अशा गावाचा कल एकदाच ठरतो आणि मग पिढ्यानपिढ्या चालतो. लोकसभेपुरते ते काहीसे खरेही आहे. 1962 साली इंदूरने कामगारांचे नेते होमी दाजी यांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवले होते. पण 1989 मध्ये चिपळूणची माहेरवाशीण असलेल्या सुमित्राताई महाजन यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव केला आणि 2014 पर्यंत सलग आठ वेळा हीच जागा जिंकली. विधानसभेचा हिशेब मात्र वेगळा आहे. देपालपूरने 2003 मध्ये भाजप, 2008 मध्ये काँग्रेस, 2013 मध्ये भाजप, 2018 मध्ये काँग्रेस आणि 2023 मध्ये पुन्हा भाजप अशी दर खेपेला बाजू बदलली. ओट्यावरची तीच माणसे विधानसभेला एक आणि लोकसभेला दुसरे बटण दाबतात, आणि त्यात त्यांना काहीही विसंगत वाटत नाही. मतदाराला आपले मत वजनदार वाटावे, यासाठी यापेक्षा अधिक काय लागते?

29 एप्रिल 2024 हा लोकसभा निवडणुकीसाठी अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने आपला अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये दाखल झाला. देपालपूरचे 2018 चे काँग्रेस आमदार मार्चमध्येच तिकडे गेलेले होते. काँग्रेसने 'नोटा'चे, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चे, बटण दाबण्याचे आवाहन केले. खुद्द सुमित्राताईंनी या प्रकाराबद्दल जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केले. ओट्याच्या पायऱ्या त्या संध्याकाळी रिकाम्या राहिल्या.

13 मे, सोमवार. पहाटेचे साडेपाच वाजले आहेत आणि शाळेच्या खोलीत अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्राच्या चाचणीची, तयारी पूर्ण झाली आहे. नियमाप्रमाणे या वेळी किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असावे लागतात, आणि ते नसतील तर पीठासीन अधिकाऱ्याने, म्हणजे केंद्राच्या प्रमुखाने, पंधरा मिनिटे वाट पाहायची असते. आज प्रतिनिधी एकच आहे. अधिकारी घड्याळाकडे पाहतात, दाराकडे पाहतात आणि पंधरा मिनिटे पूर्ण झाल्यावरच पहिले बटण दाबतात. किमान पन्नास मते टाकली जातात, 'नोटा'सह प्रत्येक बटण तपासले जाते, आकडे जुळवले जातात आणि मग यंत्र पुसून पुन्हा शून्यावर आणले जाते. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद केल्या जातात. हे सारे आम्ही सविस्तर दाखवत आहोत, कारण यंत्राजवळ कोण उभे होते आणि कोण नव्हते, हे मतदानाइतकेच महत्त्वाचे आहे.

केंद्रापासून दोनशे मीटरच्या पलीकडे, या लिंबाखाली, दर निवडणुकीला दोन्ही पक्षांची समोरासमोर दोन टेबले लागत आणि मतदार ज्या टेबलावरून आपली मतदार-चिठ्ठी घेई त्यावरून त्याचा कल गावाला कळत असे. आज एकच टेबल आहे. काही माणसे त्याच्याकडे न पाहता, घरून आणलेली चिठ्ठी मुठीत धरून सरळ पुढे जातात.

सकाळी आठला रांग पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचते. विधानसभेला दुपारीही न तुटणारी ही रांग आज अकराच्या सुमारास विरळ होते. काकांच्या आई पंचाऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना घरूनच मत देण्याची सोय होती, पण त्यांनी तो अर्ज भरू दिला नाही. डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढली जात असताना त्यांनी हात टेबलावर सपाट ठेवला आणि शाई वाळेपर्यंत हलवला नाही. पडद्यामागे कॅमेरा जात नाही आणि कोणते बटण दाबले, हे आम्ही विचारले नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. यंत्राचा लांब आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

मतदारसंघात 2019 साली सुमारे 69 टक्के मतदान झाले होते, या वेळी ते 62 टक्क्यांच्या आसपास आले. 4 जूनला भाजपच्या विजयाचे अंतर 11,75,092 मतांचे निघाले आणि 'नोटा'ला 2,18,674 मते मिळाली. त्यापूर्वी देशात एका जागेवर 'नोटा'ला मिळालेली सर्वाधिक मते बिहारमधल्या गोपाळगंजची, 51,660 होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने हे बटण यंत्रावर आले, पण लोकसभेच्या निकालावर त्याचा परिणाम होत नाही. 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, अशा वेळी फेरनिवडणूक घेण्याचा नियम केला. काकांनी तो ओट्यावर माळवीत समजावून सांगितला, तेव्हा भिंतीकडचे आणि पायऱ्यांकडचे दोघेही म्हणाले की लोकसभेलाही तो लागू झाला पाहिजे.