एकोणीस हजारांचे चार हजार कुणी केले?

बर्फाने भरलेलं एक खोरं कल्पनेत बघा, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या उत्तर भागातलं, लामार व्हॅली. आणि खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळलेलं गवत खातायत ते एल्क. सांबर डोळ्यासमोर आणा, त्याहून जरा थोराड, नराचं वजन तीनशे किलोच्या घरात.

हे एल्क लांडग्यांनी संपवले का, असा तिथे मोठा वाद आहे. आता त्या वादाचं मूळ असलेले दोन आकडे. १९९४ मध्ये विमानातून मोजणी झाली तेव्हा या उत्तरेकडच्या कळपात साधारण १९ हजार एल्क भरले होते, आणि २०१३ मध्ये मोजले तर पुरते चार हजारसुद्धा नाहीत. मधे काय घडलं? १२ जानेवारी १९९५ ला कॅनडातल्या अल्बर्टातून पिंजऱ्यात घालून आणलेले लांडगे पार्कच्या कमानीतून आत आले, गार्डिनर गावातली शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. त्या वर्षी १४, पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून आणखी १७. झालं, हिशोब सोपा. पार्कला लागून असलेल्या मोंटाना, आयडाहो, वायोमिंग या राज्यांतल्या बऱ्याच हंटर मंडळींच्या लेखी केस तिथेच क्लोज झाली.

पण जरा मागे जाऊया. पार्कमधले लांडगे आधी संपवले कुणी, तर सरकारनेच. १९२६ पर्यंत शेवटची पिल्लंसुद्धा मारून झाली होती. मग एल्क इतके वाढले की पार्कच्या लोकांनाच ते गोळ्या घालून मारावे लागायला लागले, काही पकडून दुसऱ्या राज्यांत पाठवले, आणि असं करत करत १९६० च्या दशकात हाच कळप चार हजारांच्या आसपास आणून ठेवला होता. लोकांनी आरडाओरडा केला, मारणं थांबलं, आणि त्यानंतर जो कळप फुगत गेला त्याचे झाले १९ हजार. म्हणजे लांडगा नाही आणि पार्कची बंदूकही नाही अशा वीसपंचवीस वर्षांतला हा आकडा, तो काही देवाने नेमून दिलेला नव्हता. या मुद्द्यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही.

बरं, लांडगे आल्यावर तरी एकटे लांडगेच होते का? १९९६-९७ चा हिवाळा भयंकर गेला. ग्रिझली अस्वलं वाढली, आणि एल्कची नुकती जन्मलेली पाडसं लांडग्यांपेक्षा अस्वलंच जास्त मारतात, हे पाडसांना रेडिओ टॅग लावून बघितलंय. कूगर, म्हणजे तिकडचे डोंगरी सिंह, परतले. मधे दुष्काळ पडला. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे, ऐन हिवाळ्यात एल्क पार्कची हद्द ओलांडून खाली उतरले की मोंटाना राज्य तिथे खास सीझन ठेवायचं, गाभण माद्या मारायला परवाने द्यायचं, आणि काही वर्षी हजाराच्या वर एल्क तिथेच पडले. लांडगा बहुतेक करून म्हातारं नाहीतर पाडस उचलतो, माणूस ऐन वयातली मादी मारतो, जी पुढची दहा वर्षं व्यायली असती. कळपाला जास्त महाग काय पडतं हे सांगायला कुणी बायोलॉजिस्ट लागत नाही.

बायोलॉजिस्ट काय करतात तेही बघा. दर वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा मार्चमध्ये महिना महिनाभर ते लांडग्यांच्या पॅकवर पाळत ठेवतात आणि लांडगे खाऊन बाजूला झाले की मेलेल्या एल्कपाशी जातात. दातावरून वय काढायचं, मग मांडीचं हाड फोडायचं. खाटकाकडून आणलेल्या नळीत कशी पांढरी घट्ट चरबी असते, तशी दिसली तर जनावर धडधाकट होतं. लालसर, पातळ जेलीसारखं काही हाताला लागलं तर समजायचं की याच्या अंगातली शेवटची चरबीसुद्धा जळून गेलेली, लांडगा नसता आला तरी ते बहुधा वसंत बघणार नव्हतं. आणि लांडग्याचं काम काही सोपं नसतं हो, पाच वेळा मागे लागला तर एखाद वेळी जमतं, एल्कची लाथ वर्मी बसून लांडगे मरतातसुद्धा.

म्हणून हंटर लोकांचं म्हणणं उडवून लावावं असं नाही. आयडाहोमधला लोलो भाग घ्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे १६ हजारांच्या आसपास एल्क होते, २०१० पर्यंत दोन हजारांवर आले. ज्या घरात वर्षभराचं मटण म्हणजे नोव्हेंबरमध्ये मारून फ्रीझरमध्ये भरलेला एल्क, त्या घराला हा आकडा पेपरात वाचायची गरज नसते. शिवाय राज्याच्या वन्यजीव खात्याचा मोठा खर्च हंटिंग लायसन्सच्या पैशातून निघतो. फक्त एक आहे, लोलोमध्ये एल्क माजले होते ते १९१० आणि नंतरच्या मोठ्या वणव्यांमुळे. जंगल जळालं, त्यावर झुडपं आली, खायला चिक्कार. मग हळूहळू पुन्हा दाट जंगल झालं आणि चारा संपत गेला. घसरण लांडग्यांच्या आधीच सुरू झालेली, लांडग्यांनी ती सावरू दिली नाही, असं म्हणणं जास्त बरोबर.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. लांडगे आले, एल्क पळाले, नदीकाठची झाडं वाढली आणि नदीसुद्धा सुधारली, ही गोष्ट इंटरनेटवर इतकी फिरलीय की आता ती खरी वाटते. काही ठिकाणी अ‍ॅस्पेन आणि विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद, वाढले हे खरंय. पण टॉम हॉब्ज आणि डेव्हिड कूपर या शास्त्रज्ञांच्या टीमने २००१ पासून वीस वर्षं ओढ्याकाठी कुंपणं घालून, छोटे बांध घालून प्रयोग केला आणि निघालं असं, की लांडगे नव्हते त्या काळात बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणारे प्राणी, तेही गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल चिरत गेले, पाण्याची पातळी खाली गेली, आणि आता नुसते एल्क कमी होऊन विलो पूर्वीसारखे वाढत नाहीत. त्यात एल्क कमी झाले तसे बायसन वाढले, ते पण तेच खातात.

आता मॅनेजमेंट, म्हणजे किती मारायचे. २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बजेटच्या बिलात एक कलम घुसडून मोंटाना आणि आयडाहोतल्या लांडग्यांचं केंद्रीय संरक्षण काढून टाकलं. वायोमिंगमध्ये तर आज राज्याच्या साधारण ८५ टक्के भागात लांडगा दिसला की मारा, लायसन्सही नको. २०२१ मध्ये आयडाहोने कायदा करून जवळजवळ सगळी बंधनं काढली. मोंटानाने फासे लावायला, प्रायव्हेट जमिनीवर आमिष टाकून रात्री मारायला परवानगी दिली आणि पार्कच्या वेशीवरचा कोटाही काढून टाकला. त्याच वर्षी राज्याचे गव्हर्नर ग्रेग जियानफोर्टे यांनी स्वतः पार्कचा रेडिओ कॉलरवाला लांडगा सापळ्यात पकडून मारला होता, त्यासाठी लागणारा कोर्स न करता, आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. पुढच्या हिवाळ्यात यलोस्टोनचे २५ लांडगे हद्दीबाहेर मारले गेले. पार्कमध्ये एकूण असतात साधारण शंभर.

आणि हे सगळं एल्क वाचवायला म्हणावं, तर मोंटानात एल्क राज्याने ठरवलेल्या टार्गेटच्या वर आहेत! फक्त ते सरकारी जंगलात कमी आणि मोठमोठ्या प्रायव्हेट रँचवर जास्त, पाणी पाजलेल्या हिरव्यागार कुरणात, जिथे सामान्य हंटरला फाटकातून आत घेत नाहीत. माझ्या मते खरं भांडण इथे आहे, पण रँचच्या मालकाशी भांडण्यापेक्षा लांडग्याशी भांडणं सोपं.

विस्कॉन्सिनमध्ये एल्कपेक्षा हरणांचा प्रश्न मोठा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे हंटर लोकांना ११९ लांडग्यांचा कोटा होता, तीन दिवसांच्या आत २१८ मारले. ओजिब्वे या मूळ रहिवाशांना त्यांच्या वाट्याचे ८१ मिळाले होते, त्यांनी एकही न मारता ते वाचवायचे ठरवले होते, कारण लांडगा त्यांच्यात भाऊ मानतात. तेही त्यात गेलेच. आणि त्याच राज्यातल्या एका अभ्यासात लांडगे आलेल्या जिल्ह्यांत गाडीसमोर हरीण येऊन होणारे अपघात साधारण २४ टक्के कमी झालेले दिसले.

शेवटी कोलोरॅडो. तिथे २०२० मध्ये लोकांनी मतदान करून लांडगे आणायचे ठरवले, जेमतेम ५१ टक्क्यांनी, शहरवाले हो म्हणाले, डोंगराकडचे बहुतेक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून १० आले, जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाहून १५. राज्यात एल्क अडीच लाखांच्या वर, त्यामुळे एल्कवर अजून मोजता येईल असा काही परिणाम नाही. वासरं मात्र गेली. एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई आहे, आणि ती ठरवायला अधिकारी येऊन मेलेल्या वासराची कातडी सोलून बघतात, दातांच्या खुणांखाली रक्त साकळलंय का, म्हणजे जिवंतपणी चावा घेतला की मेल्यावर खाल्लं. पुणे-सोलापूरच्या माळावर ज्याचं कोकरू गेलंय त्या धनगराला ही सगळी कटकट लगेच कळेल. एल्कचं भांडण कोलोरॅडोत अजून पेटलेलंच नाही, सध्या गाडी वासरांवरच अडलीय.