कुदळ आधी कुणाच्या हातात द्यायची?

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं लागतात. सात दिवस दत्तक गावात मुक्काम, शाळेच्या खोल्यांत अंथरुणं, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी-नकला. 1969 पासून ही योजना चालू आहे. आता तिच्या जोडीला गावोगावचे तरुणांचे गट आहेत, वन विभागाबरोबर काम करणारी पोरंपोरी आहेत. कुणी बालाघाटात चर खोदतं, कुणी अजिंठ्याच्या डोंगरात गौताळ्याच्या बाजूला गवत राखतं, कुणी किनवटच्या सागवानात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, काढतं. या प्रत्येक तुकडीच्या पुढे एक जण चालत असतो. कधी प्राध्यापक, कधी गावातलाच एखादा म्होरक्या. मला आज त्याच्याशी किंवा तिच्याशी बोलायचं आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पोरांना घेऊन डोंगरात जाते, तेव्हा बोलणं जरा वर्गातल्यासारखं झालं तर चालवून घ्या.

तुमच्यासमोर रांगेत उभी असलेली पोरं कुणाची आहेत, ते आधी बघा. धारूर, केज, पाटोदा, आष्टी या भागातला वर्ग असेल तर त्यातल्या कितीतरी जणांचे आईबाप त्या वेळी घरी नसतात. दिवाळीच्या आगेमागे ते ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात आणि पोरगा आजीजवळ राहून बी.ए. करत असतो. कुणाची आई रोजगार हमीच्या कामावर माती टाकते. कुणाच्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली असते आणि सुकडी खाल्लेली असते. अशा घरात पोराच्या शिक्षणाचा एकच अर्थ असतो, याच्या हातातली कुदळ सुटावी.

आणि आपण काय करतो? पहिल्याच सकाळी त्याच्या हातात कुदळ देतो, डोक्यावर टोपी घालतो, मागे बॅनर लावतो आणि श्रमप्रतिष्ठेवर भाषण ठोकतो. पोरगा काही बोलत नाही. मान खाली घालून खणतो, नाहीतर पाणी आणायला म्हणून जातो तो दोन तास येतच नाही. मग आपण आपसांत म्हणतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. अहो, कष्ट त्याच्या घरात तीन पिढ्यांचे आहेत. घरी ज्या कामाची मजुरी मिळते ते इथं फुकट का करायचं, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. तो विचारत नाही, कारण तुम्ही 'सर' आहात.

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर भाषणात नाही. हे काम कसबाचं आहे, असं आपण वागण्यातून दाखवलं तर थोडंफार उत्तर मिळतं. म्हणून माझ्या तुकडीत पहिला तास कुणी खणत नाही. ज्यांना हत्यार कळतं ती पोरं पुढे येतात आणि बाकीच्यांना शिकवतात. दांडा सैल असेल तर कुदळ रात्रभर पाण्यात कशी ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून घट्ट बसतं. पाय कुठे ठेवायचे. शेजारच्यापासून किती लांब उभं राहायचं. मुरूम लागला की टिकाव, माती लागली की खोरं, दगड हलवायचा तर पहार. शहरातून आलेला, वसतिगृहात राहणारा पोरगा दहा मिनिटांत फोड आलेला हात बघत बसतो आणि केजकडची एखादी पोरगी त्याला म्हणते, "आरं, दांडा एवढा आवळून कशाला धरायलास? ढिला सोड जरा." त्या एका वाक्याने तुकडीतली वरखाली जी उलथते ती कुठल्याही व्याख्यानाने उलथत नाही. मग जोड्या लावायच्या त्या अशाच, एक जाणता आणि एक नवखा.

कसब नुसतं हातात नसतं. उताराला आडवी, एका पातळीत रेघ आखणं हे डोक्याचं काम आहे. त्यासाठी तीन बांबू, एक दोरी आणि एक दगड एवढंच लागतं. त्याची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, करायची आणि तिच्या वरच्या टोकाला दोरीने दगड लोंबता सोडायचा. तिची आडवी पट्टी बिनचूक करायची रीत अशी, की दोन खुंट्यांवर पाय टेकवून दोरी पट्टीवर कुठे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. गणिताला घाबरणारी पोरं हे दोनदा करून बघतात आणि मग डोंगरभर ती फ्रेम कुणाला देत नाहीत. त्या रेघेवर दोन फूट रुंद, फूटभर खोल असा सलग समतल चर निघतो आणि माती खालच्या अंगाला पडते. रेघ चुकली तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी सखल टोकाला धावतं आणि तिथून चर फुटतो. म्हणून जूनमध्ये पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना डोंगरावर न्याच. शिबिर संपलं, प्रमाणपत्रं वाटून झाली, तरी न्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं पाणी उभं असलेला स्वतःचा चर बघितला, की त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

ओढ्यातल्या दगडी बांधाचंही तसंच आहे. बांध मधे खोलगट ठेवायचा आणि दोन्ही कडा उंच, काठात घुसवलेल्या. उलटं झालं तर पाणी कडेने वाट काढून काठच कापतं. दगड सुटे पडलेले तेवढेच घ्यायचे, उतारात रुतलेले उपटायचे नाहीत. ते तिथे माती धरून बसलेले असतात.

वेगाबद्दल एक. भरतीची तयारी करणारी पोरं प्रत्येक तुकडीत असतात. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना चार तासांत 25 किलोमीटर आणि मुलींना 16 किलोमीटर चालावं लागतं, त्यामुळे त्यांच्या अंगात सकाळी सातला दम उतू जात असतो. ती पहिल्या तासात सगळ्यांच्या पुढे जातात आणि नऊला सावली शोधतात. त्यांच्याकडे बघून बाकीचे लाजून जास्त ओढतात, तेही बसतात. तुकडीचा वेग तिच्यातल्या मध्यम माणसाचा असावा. पाऊण तास काम, दहा मिनिटं पाणी, हत्यारांची अदलाबदल. दहा-साडेदहाला हत्यारं खाली. उन्हाळ्यात त्याहून आधी. पारा 42 वर गेलेला असताना पोरांकडून काम करून घेऊन त्याला जिद्द म्हणणारे म्होरके मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल रेडिओवर काही न बोललेलं बरं.

काम कोणतं निवडायचं, यावर माझं मत अनेकांना पटत नाही. तरुणांची तुकडी म्हटलं की रोपं, खड्डे आणि फोटो हेच डोळ्यांसमोर येतं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, आणि 1988 चं राष्ट्रीय वन धोरण देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वन असावं असं म्हणतं. एवढी दरी बघितली की माणसाला घाई होणारच. पण आपले डोंगर दिसतात तेवढे मेलेले नाहीत. उघड्या माळावर गुडघाभर उंचीचं जे झुडूप दिसतं, ते पुष्कळदा झुडूप नसतंच. तो तोडून आणि चरून खुरटलेला पळस असतो, धावडा असतो, बोर असते, आपटा असतो. जमिनीखाली त्याचं मूळ जुनं आणि दमदार असतं. त्या जागेला दोन-तीन पावसाळे चराई आणि कुऱ्हाडीपासून राखलं, खुंटावरचे दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढले, तर ते झाड नव्या रोपाच्या कितीतरी पुढे निघून जातं. पाण्याचा टँकर नको, काठी नको. तेव्हा पहिला दिवस अशी खुंटं शोधून रंगाने खूण करण्यात घालवा. वनस्पतिशास्त्राचा याहून चांगला तास मला घेता येत नाही.

तण काढणं हे दुसरं काम, आणि तेही फोटोत बरं दिसत नाही. टणटणी नुसती वरून कापली तर दुपटीने फुटते. ती जमिनीखाली बोटभर, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली कापायची आणि उलटी करून ठेवायची, मुळं वर, म्हणजे पुन्हा रुजत नाही. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दम्याचा त्रास होतो, त्यामुळे कुणाला ॲलर्जी आहे ते आधी विचारून घ्या.

मजुरीच्या प्रश्नाकडे परत येते. मोठं खोदकाम असेल तर ते गावाने रोजगार हमीतून मागावं आणि लोकांना त्याचे पैसे मिळावेत. फुकटच्या हातांनी ते उरकलं तर आपण कुणाच्या तरी आईचा रोज बुडवतो. पोरांनी अशी कामं घ्यावीत जी कुठल्या हजेरीपटावर बसत नाहीत. खुंटांच्या खुणा, बिया गोळा करणं, तण, राखण. जागा वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी आधी, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची. आणि मेंढ्या चारणाऱ्या मामांशी बोलणं त्याच्याही आधी. राखलेला पट्टा कोणता आणि मोकळा कोणता, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवलं नाही तर तुमची राखण शिबिराबरोबरच संपते.

मुलींना स्वयंपाकघराकडे पाठवण्याची सवय मोडा. भाकरी भाजायची पाळी सगळ्यांची.

आता धोक्याचं. खडकाळ माळावर फुरसं दगडाखाली असतं. दगड उचलताना पलीकडची कड आधी वर करायची, म्हणजे खाली जे असेल ते आणि आपण यांच्यामध्ये दगड राहतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारी लस एकच आहे, आणि ती तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, हे शिबिराच्या आधी स्वतः जाऊन विचारा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे थांबायचं नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, 108 ला फोन, आणि दवाखाना. लाल विंचवाचा डंख किरकोळ समजू नका. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून त्यावर प्रॅझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिलं, तोवर या डंखाने माणसं जात होती. दवाखान्यात वेळेवर पोचणं मात्र आपल्याच हातात आहे. कड्याखाली आग्यामोहोळ असेल तर त्या दिवशी अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा सगळं बंद. पोरं हसतात, पण डिओची बाटली मी काढूनच घेते.

शेवटी वणवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत आगीचा हंगाम. त्याच्या आत जाळरेषा निघाल्या पाहिजेत आणि त्याला पुन्हा हात लागतात. शिबिराला पन्नास येतात, जाळरेषेला पाच-सात. तेवढे पुरतात, फक्त ते कोण हे वनरक्षकाला माहीत हवं आणि त्याचा नंबर त्यांच्याकडे हवा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नाव नोंदवलं तर उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना कुणाच्याही मोबाइलवर येते. तुकडीतल्या दोघांनी तरी नोंदवावं. पण सूचना आली म्हणून पोरांनी धावत सुटायचं नाही. आग चढाला वाऱ्यासारखी जाते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, कुणी एकट्याने जायचं नाही, आणि वन विभागाची माणसं येईपर्यंत जाळरेषेच्या पुढे पाऊल नाही. सुती कपडे, पायात बूट, ओल्या फांद्या हाताशी. त्या वेळी "मॅडम, मी जातो पुढं," असं जो म्हणतो, त्याला पाण्याच्या कॅनजवळ उभा करा आणि मोजदाद त्याच्याकडे द्या. किती जण आत गेले, किती बाहेर आले. तो रागावेल. रागावू द्या.

नमस्कार.