बीटा ब्लॉकर घेऊनही नाडी अनियमितच? गोळी थांबवू नका

नमस्कार. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याच्या आजारासाठी, बीटा ब्लॉकर हे ठोक्यांचा वेग कमी करणारं औषध सुरू झालं, आठवडा गेला, नाडी पाहिली तर ठोके अजून वेडेवाकडेच. मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणून ती परस्पर बंद होते. ही चूक महागात पडू शकते.

या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युत लहरी उठतात. त्यांना खाली उतरायला साधारणपणे एकच दार असतं, ते म्हणजे एव्ही नोड. ॲड्रेनॅलिन हे ताणात स्रवणारं संप्रेरक हे दार सताड उघडतं. बीटा ब्लॉकर ॲड्रेनॅलिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही, त्यामुळे कमी लहरी खाली पोचतात. खालचे कप्पे मिनिटाला 150 ऐवजी 90 वेळा आकुंचन पावले, तर दर ठोक्याआधी रक्त भरायला पुरेसा वेळ मिळतो. दम आणि धडधड कमी होते. वरचा गोंधळ मात्र चालूच राहतो, म्हणून नाडी अनियमितच लागते.

तेव्हा नियमितपणा नको, वेग मोजा. पाच मिनिटं शांत बसा आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर इथे आकडा फसवतो. दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतही नाहीत, त्यामुळे खरा वेग ईसीजीवरच कळतो. विश्रांतीत 110 च्या आत हे बहुतेकांसाठी पहिलं लक्ष्य. त्रास उरला तर डॉक्टर 80 च्या आत आणायला बघतात.

गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका या गोळीने कमी होत नाही. रक्त पातळ करणारं औषध दिलं असेल, तर ते वेगळं चालूच ठेवायचं.

अचानक थांबवल्यावर काय होतं? औषध चालू असताना पेशींवर बीटा ग्राही, म्हणजे ॲड्रेनॅलिन बसण्याच्या जागा, वाढलेले असतात. अडथळा एकदम हटला की सगळे ॲड्रेनॅलिनला एकाच वेळी प्रतिसाद देतात. वेग उसळतो, छातीत दुखू शकतं. म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून, एक-दोन आठवड्यांत उतरवतात. मेटोप्रोलॉल सक्सिनेट या बीटा ब्लॉकरची गोळी कुटू किंवा चावू नका, सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

दमा असेल, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीसुद्धा ठोके मंदावणारी औषधं) चालू असेल, किंवा डब्ल्यूपीडब्ल्यू (वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट, हृदयाच्या विद्युत वाटेतला जन्मजात दोष) असेल, तर आधीच सांगा. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये एव्ही नोडला वळसा घालणारी दुसरी वाट असते, तिथे हाच उपचार धोक्याचा ठरू शकतो. मधुमेहात साखर उतरल्याची धडधड जाणवेलच असं नाही, घामाकडे लक्ष ठेवा. नाडी 50 च्या खाली आणि चक्कर असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय गाठा.