तेरापैकी तेरा

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला एक रविवार आज तुमच्यापुढे ठेवतो. हे फुटबॉल म्हणजे डोक्यावर हेल्मेट आणि हातात लंबगोल चेंडू, ते. तारीख ३ डिसेंबर २०२३. वरच्या श्रेणीत १३३ संघ, आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. विजेतेपदासाठी लढायला जागा चारच. त्या कोणाला द्यायच्या हे १३ जणांची समिती टेक्सासमधल्या ग्रेपवाइन गावी बसून ठरवायची.

त्या दिवशी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ बारा नियमित सामने आणि तेरावा आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे संघांच्या गटाचा, अंतिम सामना असे तेरापैकी तेरा जिंकून, कॉन्फरन्सचं विजेतेपद घेऊन बसला होता. समितीनं त्याला पाचवा ठेवला. चौथी जागा मिळाली एक सामना हरलेल्या अलाबामाला. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता चौघांबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

कारण काय? १८ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते विचारात घ्यायची मुभा समितीला नियमानंच होती. पण तो गेल्यावरही हा संघ फ्लोरिडा या दुसऱ्या विद्यापीठाला २४-१५ आणि लुइव्हिलला १६-६ असा हरवून आला होता. दुसऱ्या सामन्यात तर तिसऱ्या पसंतीचा, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाचा क्वार्टरबॅक खेळला.

अलाबामाची बाजू लंगडी होती असं मी म्हणणार नाही. सलग २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला त्यांनी आदल्याच दिवशी हरवलं होतं. शिवाय नुसतं अपराजित असणं पुरेसं नसतं, हेही मला मान्य आहे. त्याच वर्षी लिबर्टीचा संघही १३-० होता, पण त्याचे प्रतिस्पर्धी दुबळे, म्हणून तो बाहेर राहिला याची फारशी खंत कुणाला वाटली नाही. कोणाला हरवलं, हे मोजलंच पाहिजे. फ्लोरिडा स्टेटनं मात्र एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ४५-२४ असं हरवलं होतं, आणि एलएसयूच्या क्वार्टरबॅकला त्याच हंगामात सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन पुरस्कार मिळाला.

माझा आक्षेप इथेच आहे. प्रतिस्पर्धी किती तगडा होता हे पाहणं म्हणजे झालेल्या खेळाचं मोल करणं. पुढे हा संघ कसा खेळेल हे ठरवणं म्हणजे न झालेल्या सामन्याचा निकाल लावणं. समितीनं दुसरं केलं. पोरांनी तीन महिने मैदानात जे कमावलं, ते एका बंद खोलीतल्या अंदाजापुढे हलकं ठरलं.

यावर लोक ऑरेंज बोल या, चौघांबाहेरच्या संघांमधल्या हंगामाअखेरच्या सामन्याचा दाखला देतात. तिथे जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. पण त्या सामन्याला या संघातले वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. विजेतेपदाची वाट बंद झाल्यावर अनेकांनी पुढच्या कारकिर्दीचा विचार केला. समितीच्या निर्णयानंतर विस्कटलेला संघ त्याच निर्णयाचा पुरावा कसा होईल?

२०२४ पासून १२ संघांना जागा मिळू लागल्या आणि क्रमवारीतल्या पहिल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांचा प्रवेश पक्का झाला. त्या नियमानं फ्लोरिडा स्टेट विनावाद आत गेली असती. ट्रॅव्हिसचं मात्र कॉलेजमधलं ते शेवटचं वर्ष होतं. पायानं पुन्हा साथ दिली नाही, आणि २०२५ मध्ये, व्यावसायिक लीगचा एकही सामना न खेळता, त्यानं निवृत्ती जाहीर केली.