लाईन गेल्यावर

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं. मे महिन्यातली संध्याकाळ. एकाएकी अंधार.)

"लाईन गेली!"

विदर्भातल्या खेड्यात हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. अख्खी गल्ली एकदम बोलते. मग ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, तिथला पंखा पुन्हा फिरू लागतो. दिवसभर ४४-४५ अंशांत भाजलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडतात. अशा घरात तान्हं लेकरू आणि म्हातारी माणसं झोपतात, ती या पंख्याच्या भरवशावर. म्हणून इन्व्हर्टरची ही बॅटरी घरात नको, असं आम्ही म्हणणार नाही. ती कुठे ठेवली आहे आणि तिच्यावर कोण वाकतं, एवढंच पाहायला आम्ही आलो.

(दृश्य : ओसरीचा कोपरा. बॅटरीवर जुन्या साड्यांचं गाठोडं. वर भिंतीत देव्हारा, त्यात दिवा.)

पन्नासेक किलोंची ही बॅटरी. आत सहा कप्पे, शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल, म्हणजेच ॲसिड. चार्जिंग होताना आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं, की एक ठिणगी पुरते. हवेपेक्षा तो खूप हलका, म्हणून सरळ वर चढतो. या घरात वर दिवा तेवतो आहे.

ठिणगी बाहेरूनच यावी असंही नाही. उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं. प्लेटा उघड्या पडतात, वरची मोकळी जागा वायूने भरते. आतला एखादा जोड गंजून सैल झाला असेल, तर ठिणगी तिथेच पडते. झाकणांची भोकं धुळीने बुजली असतील, तर वायूला वाटही उरत नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला, क्लिप ढिली झाली, आणि कोणी चार्जिंग चालू असतानाच ती हलवून पाहिली, तरी तेच.

आणि हे सारं घडतं तेव्हा माणूस कुठे असतो? बॅटरीवर ओणवा. पाणी किती उरलं ते पाहायला झाकण उघडून तोंड अगदी जवळ नेलेलं. टॉर्च धरायला शेजारी पोराला उभं केलेलं. कधी टॉर्चऐवजी काडी पेटवलेली. स्फोट झाला, की प्लॅस्टिकचे तुकडे आणि ॲसिड एकाच क्षणी चेहऱ्यावर येतात.

(दृश्य : अंगणातला रांजण. पाण्याचा आवाज.)

इथून पुढचं नीट ऐका. डोळ्याचं काय होणार, ते पुष्कळदा अंगणातच ठरतं, गाडी निघायच्या आधी. जवळ जे स्वच्छ पाणी असेल ते घ्या. माठातलं, नळाचं, बोअरचं. माणसाला आडवं करा, दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला मान कलती ठेवा, म्हणजे ॲसिड दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वेदनेने पापण्या घट्ट मिटतात, त्या बोटांनी उघडून धरा आणि धार सोडत राहा. निदान अर्धा तास. घड्याळ पाहून. एकीकडे १०८ला फोन करा. गाडी आली, तर बाटल्या भरून घ्या आणि वाटेतही डोळा धूत राहा.

तूप, मध, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. खायचा सोडा तर मुळीच नाही. डोळा चोळू नका. तुकडा रुतलेला दिसला, तर तो ओढू नका, वर पट्टी दाबून बांधू नका. फक्त पाणी ओता, अगदी हळुवार, धार रुतल्या जागी न पडता.

एक फसवी गोष्ट. डोळा लाल नाही, पांढराशुभ्र दिसतो, तर घरचे म्हणतात, वाचला. पण भाजल्याने रक्तवाहिन्याच बंद पडल्या, तरी डोळा असाच पांढरा दिसतो. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवर बुबुळाची कातडी नव्याने घडवणाऱ्या पेशी असतात. त्या जळाल्या, तर नुसतं नेत्ररोपणही पुष्कळदा टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक पद्धत मांडली : चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन जळालेल्या डोळ्यावर पेरायचा. पण त्यासाठी एक डोळा तरी धड राहिलेला लागतो.

(दृश्य : पुन्हा ओसरी. बॅटरीवरचं गाठोडं उचललं जातं.)

पाणी घालायचं ते डिस्टिल्ड. विहिरीचं नको, आरओचंही नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. बॅकअप कमी झाला म्हणून वरून ॲसिड ओतणारेही भेटतात. आटतं ते पाणी, ॲसिड जागेवरच राहतं. बॅटरी फुगली, तापली, सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर क्लिपेला हात लावू नका. दूरच्या मेन बोर्डावरून वीज बंद करा, दारं-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

या घरच्या आजींनी देव्हारा हलवायला नकार दिला. तो त्यांच्या सासूच्या हातचा आहे. मग बॅटरीच सरकली, खिडकीपाशी, मोकळ्या हवेत.

तिच्या वर एक खुंटी आहे. २०१७मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली, त्यानंतर फवारणीच्या चष्म्यांबद्दल सगळीकडे बोललं जाऊ लागलं. या घरी तसा एक चष्मा होता, खताच्या पोत्यांमागे पडलेला. सुनेने तो धुतला, पुसला आणि त्या खुंटीला अडकवला.

(दृश्य : चष्मा घातलेली सून. चार्जिंग बंद आहे. हातात टॉर्च, चेहरा एका बाजूला. ती झाकण उघडते.)