वापसा येईपर्यंत

(उपवासकाळातल्या एका सायंकाळच्या सभेत दिलेलं व्याख्यान)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि दाराजवळची बाकं धरून बसलेली तरुण पोरं, सगळ्यांना सलाम.

मी पाळक नाही. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तरुण संघानं धीर आणि भरवसा हा विषय मलाच का दिला, ते मला निघेपर्यंत उमगलं नव्हतं. बायको म्हणाली, "तुमच्यात नाही म्हणूनच दिला असेल." ते खरंच आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "धीर धरा, देवाची वेळ असते." म्हणणारा मनापासून म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आता रडायचीही चोरी झाली. वर बायबलातल्या ईयोबाचं, पोरंबाळं आणि मालमत्ता सगळं गमावलेल्या माणसाचं, नाव घेतलं जातं. ईयोबाच्या धीराचा दाखला याकोबाच्या पत्रात आहे, पाचव्या अध्यायात. पण ईयोबाचं पुस्तक कधी सलग वाचलंत? पहिल्या दोन अध्यायांत माणूस नमून बोलतो. तिसऱ्यात तोंड उघडतो ते स्वतःच्या जन्मदिवसाला शाप द्यायला. पुढे पानंच्या पानं तो देवाशी हुज्जत घालतो, समोर ये आणि माझा गुन्हा काय ते सांग म्हणतो. समजूत घालायला आलेले मित्र मात्र अगदी सोज्ज्वळ बोलतात, मयतीला आलेल्या पाहुण्यांसारखे. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो.

तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत "कोठवर?" हा सवाल चार वेळा येतो. ती प्रार्थनाच आहे आणि आपण ती उपासनेत वाचतो. तेव्हा गप्प बसणं म्हणजे धीर, हा समज आधी बाजूला ठेवू.

याकोबाच्या पत्रात त्या ठिकाणी ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ईयोबासाठी हुपोमोने, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं, पाय न काढणं. त्याच्या चार ओळी आधी शेतकऱ्याच्या वाट पाहण्यासाठी माक्रोथुमियाच्या कुळातला शब्द आहे. माक्रो म्हणजे लांब, थुमोस म्हणजे राग. आपण शीघ्रकोपी म्हणतो ना, त्याच्या नेमकं उलट. शेतकरी आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो, असं याकोब लिहितो. त्याच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीला येतो, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये कणीस भरायला. मधले महिने शेतकऱ्याच्या हातात काय असतं, ते पुस्तकी माणसाला कळणार नाही. मलाही कळलं नसतं, मामा नसते तर.

मामांचं शेत दौंड तालुक्यात. पावसाचा भरवसा नसलेला तो भाग, रब्बीच्या ज्वारीवर घर चालायचं. एका वर्षी सप्टेंबर निम्मा कोरडा गेला आणि मग दोन रात्री धुवाधार पडला. मी शाळकरी पोर. सकाळी म्हटलं, "मामा, पाऊस झाला, आता पेरायचं ना?" मामा बांधावरून आत उतरले, मूठभर काळी माती उचलली, दाबली. मातीचा लाडू झाला, बोटांना चिकटला. "नाही अजून," म्हणाले. "वापसा नाही आला." वापसा म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल. ओल्या रानात तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, घातली तर फण माखतात, रान दडपतं आणि बी आतच कुजतं, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ, पुन्हा लाडू. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लाडू जमिनीवर टाकला तो फुटला. त्या दिवशी घरात कुणाला धड जेवायलाही फुरसत नव्हती, कारण वापसा येतो तसा जातोही. आठ दिवस गेले की ओल उडते, मग पेरलेलं उगवत नाही.

मधल्या दिवसांत मामा बसून होते का? त्यांनी तिफणीचं जू बघितलं, चाडं बांधलं, बियाणं निवडलं, बैलांना पेंड घातली. मामींवर दोनदा खेकसलेही. पाऊस मागितला होता, तो पडलाही होता, आणि तरी थांबायचं होतं. प्रार्थनेचं उत्तर मिळालं की वाट पाहणं संपलं, असं मी पुढे बरीच वर्षं धरून चाललो होतो. मामांची ती मूठ आठवायला हवी होती.

आता घाईबद्दल. अब्राहाम हारानाहून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा शंभरांचा. मधली पंचवीस वर्षं. त्याला विश्वासाचा बाप म्हणतात, बरोबरच आहे. पण त्या पंचवीस वर्षांत घरात हागार नावाची एक मिसरी दासी होती. मूल देण्याचं देवाचं वचन लांबलं म्हणून अब्राहाम आणि त्याची बायको सारा यांनी परस्पर तोड काढली, आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी अब्राहामाला इश्माएल झाला. पुढे भाकरी आणि पाण्याची मसक देऊन त्या बाईला पोरासकट रानात काढून दिलं. मसकीतलं पाणी संपलं तेव्हा तिनं पोराला झुडपाखाली ठेवलं आणि त्याचं मरण दिसू नये म्हणून लांब जाऊन बसली. या गोष्टीवरचे उपदेश मी खूप ऐकले. बहुतेक साराच्या हसण्याशी थांबतात. मला विचाराल तर आपल्या अधीरपणाचं बिल बहुधा असं तिसऱ्याच माणसाच्या नावावर फाटतं. पोरीच्या लग्नाची घाई आईबापांना असते, भोगते ती पोर. त्या रानात देवानं हाक ऐकली, तीही पोराची, हे मात्र शास्त्रात लिहिलेलं आहे.

मामांकडून परतताना गाडी केडगावला थांबायची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच, म्हणून त्यांचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण अशी तिघं गेली. उरलेली दोघं, रमाबाई आणि भाऊ, पायी देश तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिला सरस्वती म्हटलं. मग भाऊ गेला, नवरा पटकीनं गेला, पदरात मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. आपल्या सभांमध्ये गोष्ट इथे संपते आणि लोक आमेन म्हणतात. बाई स्वतः तसं सांगत नाहीत. आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ध्यानात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि त्याच आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. मनाची खात्री पटल्यावर काम सुरू करू, असं म्हणत बसल्या नाहीत. विश्वास कच्चा वाटतो म्हणून सभेला न येणाऱ्या आमच्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

पण माझा जीव गुंततो तो त्यांच्या बायबलात. खेड्यातल्या बायकांना कळेल असं सोपं मराठी शास्त्र हवं, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या मूळ इब्री आणि ग्रीकशी भिडल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतलं ते 1922 पर्यंत चाललं. नवा करार 1912 च्या सुमारास छापून आला. छापखाना मुक्तीतलाच, चालवणाऱ्या तिथल्याच बायका-मुली, कित्येक दुष्काळातून आलेल्या.

ते काम काय असतं, हे मी सांगू शकतो. देवनागरीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीला, शेकडो घरं. वेलांटी वेगळी, रफार वेगळा, जोडाक्षराचा अर्धा खिळा वेगळा. अक्षरं उलटी, ती उलटीच वाचायची सवय करायची. एक पान जुळवायला अर्धा दिवस जातो, आणि गॅली, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची थाळी, हातातून सुटली तर पुढचा पूर्ण दिवस खिळे वेचण्यात. छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, कारण पुढच्या पानाला तेच लागणार. उपदेशक मंडळींना उलट्या अक्षरांची उपमा फार आवडते. आपलं आयुष्य उलटं दिसतं, देव सुलटं वाचतो वगैरे. जुळाऱ्याला ती पटत नाही. आम्हाला उलटं स्वच्छ वाचता येतं. आमचा त्रास वेगळा असतो: आपण जुळवतोय ते सोळा पानांच्या एकाच फर्म्याचं, म्हणजे एकदम छापायच्या एका तावाचं, काम, पुस्तक बांधून होईल तेव्हा आपण नोकरीत असू की नाही, ठाऊक नसतं.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. त्या पुन्हा मुद्रितांवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांवर, बसल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईतो दहा दिवस मिळावेत, अशी त्यांनी प्रार्थना केल्याचं सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 साली.

माझं सांगून थांबतो. आमचा छापखाना बंद पडला तेव्हापासून माझा फंड अडकलाय, सात वर्षं झाली. सुरुवातीला मी प्रार्थनेत देवाला तारीख देत असे: नाताळपर्यंत, मग ईस्टरपर्यंत, मग पोरीच्या लग्नापर्यंत. एकदा फंडाच्या कचेरीत खिडकीवरच्या पोरसवदा कारकुनावर इतका ओरडलो की तो उठून आतच गेला. तो बिचारा महिन्याभरापूर्वी लागलेला. परत जाऊन त्याची माफी मागितली. त्यानं माझी फाइल ओढून खुर्ची पुढे केली आणि पहिल्यांदा मला नीट सांगितलं, की एका कागदावर माझ्या बापाचं नाव चुकीचं छापलंय. एक वेलांटी. सव्वीस वर्षं मी तेच दुरुस्त करत होतो.

दुरुस्तीचा अर्ज दिलाय. येत्या मंगळवारी बोलावलंय. या वेळी तारीख त्यांनी दिलीय, मी नाही. बायको म्हणाली, डबा घेऊन जा.