बॅच फाइल आणि बदलते विंडोज

बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली साधी फाइल, एका संगणकावर बिनचूक चालते आणि दुसऱ्यावर मध्येच थांबते, तेव्हा आपण ती लिहिणाऱ्याला बोल लावतो. प्रत्यक्षात फाइल उघडून पाहिली, तर बहुधा तिची भाषा ठीक असते. जुन्या विंडोजबद्दलचे एखादे गृहीतक तेवढे तिच्यात राहून गेलेले असते. आज मला या गृहीतकांविषयी बोलायचे आहे.

विंडोजच्याही आधीच्या डॉस या प्रणालीपासून विंडोज एमईपर्यंत बॅच फाइल चालवण्याचे काम कमांड डॉट कॉम हा प्रोग्राम करीत असे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून ते सीएमडी डॉट ईएक्सईकडे गेले आणि घरगुती संगणकांवर हा बदल एक्सपीबरोबर पोहोचला. त्यानंतर भाषा जवळजवळ स्थिर राहिली, मात्र तिच्या हाताखालच्या आज्ञा येत-जात राहिल्या. वापरणाऱ्याला कळ दाबून उत्तर द्यायला लावणारी चॉइस ही आज्ञा डॉस ६ मध्ये होती, एक्सपीत नव्हती, व्हिस्टात परत आली. पण पूर्वी एकाच टी पर्यायात स्वल्पविरामाने लिहिले जाणारे, वेळ संपल्यावरचे आपोआप उत्तर आणि थांबण्याचे सेकंद आता डी आणि टी अशा दोन पर्यायांत विभागले गेले आहेत.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आज्ञेने छापलेल्या मजकुरावर विसंबणे. विंडोजची आवृत्ती सांगणारी व्हर आज्ञा एक्सपीवर ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज एक्सपी’ आणि मग चौकटी कंसात ‘व्हर्जन ५.१.२६००’ असे छापते. विंडोज ७ वर ‘एक्सपी’सारखा शब्द मध्ये येत नाही, लगेच कंस सुरू होतो. आवृत्तीचा आकडा मिळवण्यासाठी फॉर आज्ञेने या ओळीचे मोकळी जागा, टिंब आणि कंस यांवर तुकडे पाडून चौथा उचलला, तर विंडोज ७ वर ६ हा आकडा मिळतो आणि एक्सपीवर ‘व्हर्जन’ हा शब्द. पुढची तुलना मग चुकणारच. विंडोज ११ तर स्वतःला १०.० च म्हणवते; सर्व्हरच्या आवृत्त्या सोडल्या, तर तिथे त्यापुढचा बिल्ड क्रमांक २२००० किंवा त्याहून मोठा आहे का, हे पाहावे लागते.

६४ बिटी विंडोजवर ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’ हा फोल्डर आला आणि त्याच्या नावातला कंस इफ या अट तपासणाऱ्या आज्ञेच्या कंसांतील मजकूर अर्ध्यावरच बंद करू लागला. फोल्डरची अशी वाट (पाथ) अवतरणचिन्हांत लिहिली की हा प्रश्न सुटतो. व्हिस्टापासून फाइल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवली, की चालू फोल्डर विंडोजचा स्वतःचा सिस्टम३२ होतो, म्हणून पहिल्याच ओळींत सीडी आज्ञेने फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरात जाणे मी आवश्यक मानतो.

आता सध्याचा प्रश्न. बॅकअपच्या नावात तारीख घालताना आजची तारीख देणाऱ्या डेट या व्हेरिएबलवर भरवसा ठेवता येत नाही, कारण भारतीय मांडणीत दिवस आधी येतो, तर अमेरिकी मांडणीत महिना आधी आणि त्याच्याही पुढे वार. म्हणून अनेकांनी डब्ल्यूएमआयसी हे संगणकाची माहिती काढणारे साधन वापरले, जे कोणत्याही मांडणीत वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख देते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते आपोआप चालू केलेले नसते. त्यामुळे तारीख रिकामी राहते आणि रोजचा बॅकअप एकाच नावाने आधीच्या बॅकअपवर लिहिला जाऊ शकतो. आपल्या कार्यालयातील फाइलींत डब्ल्यूएमआयसी हे नाव शोधावे आणि त्या जागी पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामची गेट-डेट आज्ञा बॅचमधूनच बोलवावी. पॉवरशेल विंडोज ७ पासून सोबतच येते.